इलेक्ट्रिक गाडीतला एएम रेडिओ: अडचण धातूची, वजनाची की खर्चाची?

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने सांगितलं की त्यांच्या बहुतेक नव्या गाड्यांमध्ये यापुढे एएम रेडिओ नसेल. पुढच्याच महिन्यात, २३ मे २०२३ ला, कंपनीचे सीईओ जिम फार्ली यांनी ट्विटरवर हा निर्णय मागे घेतला. २०२४ च्या गाड्यांमध्ये एएम राहील, आणि ज्या इलेक्ट्रिक गाड्या एएमशिवाय विकल्या गेल्यात त्यांना सॉफ्टवेअर अपडेट देऊ, असं ते म्हणाले.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मी या शेवटच्या वाक्यावर अडकलो. अपडेटने रेडिओ परत येत असेल तर एएम पकडणारा ट्यूनर त्या गाड्यांमध्ये आधीपासून बसलेलाच असणार. तो फक्त बंद ठेवला होता. आणि इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम काढताना सगळ्या कंपन्या साधारण एकच कारण देत होत्या: मोटर आणि इन्व्हर्टरच्या इंटरफेरन्समुळे एएमवर नुसती खरखर ऐकू येते, इलाज नाही.

खरंच इलाज नाही का? तांबं, ॲल्युमिनियम, पोलाद हे धातू हाच इंटरफेरन्स अडवायला शंभरेक वर्षं वापरले जातात. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ता या क्षणी ते तेच काम करतायत. मग गाडीत अडतं कुठे, ते जरा खोलात बघू.

आधी वाद काय आहे ते थोडक्यात. बीएमडब्ल्यूने २०१४ मध्येच आय३ या इलेक्ट्रिक गाडीत एएम दिला नव्हता. नंतर टेस्ला, व्होल्वो वगैरे त्याच वाटेने गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सिनेटर एड मार्की यांनी २० कंपन्यांना पत्रं लिहून विचारणा केली, तेव्हा आठ कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम काढल्याचं समोर आलं: बीएमडब्ल्यू, फोर्ड, माझदा, पोलस्टार, रिव्हियन, टेस्ला, फोक्सवॅगन आणि व्होल्वो. मे २०२३ मध्ये प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक मांडलं गेलं. २०२५ मध्ये ते पुन्हा आणलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी ते पुढे सरकवलं. मार्की डेमोक्रॅट आणि त्यांच्यासोबत विधेयक मांडणारे टेड क्रूझ रिपब्लिकन. आजच्या अमेरिकेत हे दोन पक्ष एका कागदावर सही करतायत, हीच मुळात बातमी आहे.

त्यामागे भावनिक कारण थोडं, व्यावहारिक जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रीय आपत्ती इशारा यंत्रणेचा कणा आहेत ७७ रेडिओ स्टेशन्स, ज्यांचा आवाज देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचतो, आणि त्यातली बरीचशी एएम आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात वीज, इंटरनेट, मोबाईल टॉवर सगळं झोपवलं, तेव्हा लोक गाडीत बसून रेडिओ ऐकत होते. आपल्याकडे जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज आणि रेंज नव्हती. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

खरखर येते कुठून?

बॅटरी देते डीसी, मोटरला लागतो एसी. मधलं काम इन्व्हर्टर करतो. तो ४०० किंवा ८०० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, साधारण १० ते २० किलोहर्ट्झच्या आसपास. एएमचा पट्टा आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. म्हणजे दोघांची गाठ पडायला नको, असं वाटेल.

पण हे चालू-बंद होणं अगदी झटक्यात होतं आणि झटक्याच्या कडा जितक्या तीक्ष्ण तितके त्याचे हार्मोनिक्स वरपर्यंत पसरतात. मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, दहापट, शंभरपट. समजा इन्व्हर्टर १२ किलोहर्ट्झवर चालतोय. १२ गुणिले ६६ किती? ७९२. आणि ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे आकाशवाणी पुणे. ६६ वा हार्मोनिक मूळ झटक्यापेक्षा खूप क्षीण असतो हे खरं, पण शंभर किलोमीटरवरून ॲन्टेनापर्यंत पोहोचलेला रेडिओ सिग्नलही क्षीणच असतो, आणि इन्व्हर्टर बसलाय ॲन्टेनापासून दोन-तीन मीटरवर. त्यात नवे सिलिकॉन कार्बाइडचे स्विच जुन्या स्विचपेक्षा कितीतरी वेगाने उघडतात-मिटतात. त्यामुळे ऊर्जा वाचते, गाडीची रेंज वाढते, आणि खरखरही वाढते.

एफएम यातून वाचतो, कारण त्याची माहिती लहरीच्या उंचीत नसून फ्रिक्वेन्सीत असते आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचताना हार्मोनिक्स बरेच विरतात. एएममध्ये लहरीची उंची हाच आवाज. तिच्यात काहीही मिसळलं की ते थेट कानात.

कुठला धातू कशाला

धातू लहर दोन प्रकारे अडवतो: थोडी परत फेकतो, उरलेली आत शिरली की तिची ऊर्जा जिरवतो. लहर धातूत किती खोल जाते त्याला स्किन डेप्थ म्हणतात. त्या खोलीवर तिचा जोर साधारण ३७ टक्के उरतो, आणखी तेवढीच खोली गेली की त्याचे ३७ टक्के, असं. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी ही खोली कमी. सगळा खेळ इथे आहे.

तांब्याचे आकडे बघा. घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी स्किन डेप्थ सुमारे ९ मिलिमीटर. १२ किलोहर्ट्झला ०.६ मिलिमीटर. ७९२ किलोहर्ट्झला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढी. आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम १.३ मायक्रॉन. म्हणून ‘तांबं चांगलं शील्ड आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. समोरची फ्रिक्वेन्सी कुठली ते आधी विचारायचं.

पोळ्या गुंडाळायची घरातली फॉइल सहसा ११ मायक्रॉनच्या आसपास असते. तिच्यात फोन नीट गुंडाळला, कडा घट्ट दुमडल्या, तर रेंज जाते, कारण गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी ११ मायक्रॉन म्हणजे जाडजूड भिंत. कडेला चार-पाच सेंटिमीटरची फट ठेवली तर मात्र फोन वाजण्याची शक्यता भरपूर, कारण एवढ्या लहरींसाठी तेवढी फट म्हणजे उघडं दार. याच फॉइलने एएमच्या पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र अडवायला गेलात तर ती अगदीच पातळ पडते. ॲल्युमिनियमची स्किन डेप्थ तिथे ९० मायक्रॉनच्या घरात आहे.

गाडीत इन्व्हर्टरचा डबा बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्के वीज वाहतं, पण त्याची घनता २.७ आणि तांब्याची ८.९६. तेवढीच वीज वाहून न्यायला ॲल्युमिनियम वजनाने जवळपास निम्मंच लागतं. आणि ओतीव डब्याची भिंत दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणजे एएमच्या फ्रिक्वेन्सीला वीस-तीस स्किन डेप्थ. त्या भिंतीतून काही बाहेर पडत नाही. म्हणजे डब्याच्या धातूला दोष द्यायला जागाच नाही.

पोलाद वीज वाहण्यात तांब्यापुढे कुठेच नाही, पण ते चुंबकीय आहे. चुंबकीय रेषांना ते स्वतःतून वाट काढून देतं. त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीला, जिथे तांब्याला सेंटिमीटरभर जाडी लागते, तिथे पोलादाचं एक-दोन मिलिमीटरमध्ये भागतं. त्याहून वरचढ मिश्रधातू म्हणजे म्यू-मेटल, ज्यात ७५ ते ८० टक्के निकेल आणि बाकी मुख्यतः लोखंड असतं. हॉस्पिटलमधली नाजूक उपकरणं, प्रयोगशाळा इथे तो लागतो. पण म्यू-मेटल लाडावलेल्या पोरासारखा आहे. वाकवला, आपटला की गुण उतरतो आणि पुन्हा भट्टीत घालावा लागतो. तीव्र चुंबकीय क्षेत्रात तो लवकर तृप्त होतो आणि मग पुढचं सरळ सोडून देतो. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत, शेकडो अँपिअरच्या केबलशेजारी त्याचं काय काम?

आणि तुमच्या फोनमध्ये? फोन उघडलेला व्हिडिओ पाहिला असेल तर चिपवर बसलेली चपटी, चकचकीत झाकणं दिसली असतील. त्यातली पुष्कळशी निकेल सिल्व्हरची असतात, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच. तांबं, निकेल, जस्त. चांदीचा कणही नाही. ते तांब्याइतकं वीजवाहक नाही, पण गंजत नाही, डाग पटकन धरतं, आणि गिगाहर्ट्झला एवढं वीजवाहक असणं पुरतं. काही फोनमध्ये कथलाचा मुलामा दिलेला पोलादी पत्राही असतो. ही झाकणं नसती तर प्रोसेसरच्या गोंगाटात फोनला स्वतःचाच टॉवर ऐकू आला नसता.

जाता जाता एक. फोनच्या मागे चिकटवायचे ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर बाजारात मिळतात. नाण्याएवढ्या चकतीने लहर अडत नाही, ती बाजूने वळून जाते. आणि खरंच थोडी अडली तर टॉवर सुटू नये म्हणून फोन आपली पॉवर वाढवतो. पैसे वाचवा.

गळती जोडातून होते

आता केबल. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत ज्या जाड नारिंगी केबल जातात, त्यांच्या आवरणाखाली बहुधा तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी असते, अनेकदा कथलाचा मुलामा दिलेली. जाळीत भोकं राहतात, तरी ती वाकते, हादरे सोसते. ॲल्युमिनियम फॉइल शंभर टक्के झाकते, पण सतत हलणाऱ्या जागी फाटते. नेटवर्कच्या बऱ्याच शील्डेड केबलमध्ये फॉइल असते कारण ती एकदा भिंतीत गेली की कुणी हलवत नाही. जिथे पैसे आणि जागा आहे तिथे फॉइल आणि जाळी दोन्ही.

पण जाळी कितीही चांगली असली तरी ती संपते कुठे यावर सगळं ठरतं. ती डब्याला चारी बाजूंनी, गोल कड्यासारखी जोडली तर शील्ड पूर्ण होतं. पैसे आणि वेळ वाचवायला जाळीची टोकं पिळून एकच शेपटी काढली आणि ती एका स्क्रूखाली दाबली, तर गणित बिघडतं. १० सेंटिमीटरच्या अशा शेपटीचा अडथळा १ मेगाहर्ट्झला अर्ध्या ओहमपेक्षा जास्त भरतो. ऐकायला चिल्लर वाटतं, पण शील्डचा स्वतःचा अडथळा मिलिओहममध्ये मोजतात. मग खरखरीचा प्रवाह परत घरी जायला दुसरी वाट शोधतो, आणि गाडीची बॉडी, लाईटच्या तारा, ॲन्टेनाची केबल यातलं काहीही त्याला चालतं.

दुसरं दुखणं ॲल्युमिनियमचं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हाच थर त्याला गंजण्यापासून वाचवतो आणि हाच थर वीज अडवतो. डोळ्यांना दोन भाग घट्ट बसलेले दिसतात, विजेच्या दृष्टीने त्यांच्यात फट असते. म्हणून जोडाच्या जागी निकेल किंवा कथलाचा मुलामा द्यावा लागतो, किंवा वीजवाहक गॅस्केट घालावं लागतं. त्यात तांब्याची जाळी उघड्या ॲल्युमिनियमवर टेकवली आणि खारी दमट हवा लागली तर दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. शोरूममधून निघताना गप्प असलेली गाडी मालवण-देवगडच्या चार पावसाळ्यांनंतर खरखर करायला लागली तर पहिला संशय याच जोडांवर घ्यावा.

हीच गोष्ट टेबलावर पाहायची असेल तर यूएसबी ३ आहे. २०१२ मध्ये इंटेलनेच एक टिपण काढून दाखवलं होतं की यूएसबी ३ च्या केबल आणि पोर्टमधून निसटणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. हार्ड डिस्क लावली की शेजारचा वायरलेस माऊस अडखळतो, त्याचं कारण हे. तिथेही केबलच्या पोटातलं शील्ड ठीकठाक असतं, घोटाळा कनेक्टरच्या टोकाशी होतो. माऊसचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शनवर दूर नेला की काम होतं.

मग गाडीत का होत नाही?

होतं. ह्युंदाई, किया, निस्सान इलेक्ट्रिक गाड्या बनवतात, आणि मार्कींच्या पत्राला उत्तर देताना त्यांनी एएम ठेवल्याचं सांगितलं होतं. मोटर आणि इन्व्हर्टर एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात घातले की मधली केबलच जवळपास उरत नाही. केबलवर फेराइटची कडी घालता येते, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर जो काळा गोळा असतो तीच. जाण्या-येण्याच्या तारा जवळ ठेवल्या, पिळल्या, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खातात; ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं. यातलं काहीच नवं किंवा गूढ नाही.

प्रत्येक गोष्टीला वजन आणि पैसा मात्र लागतो. मिशिगनच्या सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह रिसर्चने अंदाज दिला होता की एएमसाठी शिल्डिंग वगैरे करायला उद्योगाला २०३० पर्यंत सुमारे ३.८ अब्ज डॉलर लागतील. आकडा मोठा आहे, पण तो सगळ्या कंपन्यांचा आणि कित्येक वर्षांचा मिळून आहे. म्हणून ‘शक्य नाही’ याचा अर्थ मी ‘परवडवून घ्यायचं नाही’ असा लावतो. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. एएम ऐकणारे कमी झालेत, इशारे फोनवरही येतात, सगळ्यांनी मोजक्या लोकांचा खर्च का सोसावा, असं त्यांचं म्हणणं आहे. या मुद्द्यांवर वाद घालता येतो. फक्त तो वाद खर्चाचा आहे हे उघड सांगायला हवं होतं, भौतिकशास्त्राला पुढे करून त्याच्या मागे लपायला नको होतं.

नियमांमध्येही एक मोठी फट आहे. गाडीने बाहेर किती इंटरफेरन्स सोडावा याचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, संयुक्त राष्ट्रांचा आर१०, त्यात चालत्या गाडीच्या लहरींची मोजणी ३० मेगाहर्ट्झपासून सुरू होते. एएम त्याच्या कितीतरी खाली. गाडीतल्या स्वतःच्या रेडिओचं रक्षण करणारं सिस्पर २५ नावाचं मानक १५० किलोहर्ट्झपासून मोजतं, म्हणजे एएम त्यात येतो, पण ते किती कडक पाळायचं हे कंपनी स्वतः ठरवते. भारतात वाहनांसाठी एआयएस-००४ भाग ३ आहे, तो याच आंतरराष्ट्रीय चौकटीच्या धर्तीवर आहे, आणि पुण्यात एआरएआयच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. गाडी सगळ्या चाचण्या रीतसर पास होऊन आली आणि तरी तिच्यात ७९२ किलोहर्ट्झवर नुसती खरखर आहे, असं होऊ शकतं. कुणी नियम मोडलेला नसतो.

आपल्याकडे चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीनेच अनेक ठिकाणचे मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले. दुसरीकडे ३५ मिडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीसाठी सज्ज केले, आणि लाखो नव्या गाड्यांमध्ये डीआरएमचा रिसीव्हर आला. तो त्याच पट्ट्यात चालतो. डिजिटल असल्यामुळे थोडी खरखर तो गिळून टाकतो, पण एका मर्यादेपलीकडे गेली की एएमसारखा चिरचिरत राहत नाही, एकदम मुका होतो. म्हणजे डिजिटल आलं म्हणून शिल्डिंगची गरज संपली, असं नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल, घरच्यांना घ्यायला लावणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला हे तपासता येतं. आधी मेन्यूत एएम आहे का बघा. नसेल तर विक्रेत्याला विचारा, ट्यूनरच नाही की बंद ठेवलाय. असेल तर मुद्दाम लांबचं, कमजोर स्टेशन लावा, कारण गावातलं जोरदार स्टेशन खरखर झाकतं. गाडी उभी असताना ऐका, मग ॲक्सिलरेटर दाबून ऐका, मग पाय उचलून रीजनरेटिव्ह ब्रेकिंग सुरू झाल्यावर ऐका. वेगाबरोबर खरखरीचा सूर बदलत असेल तर ती मोटर-इन्व्हर्टरची आहे. आणि हे सगळं करण्याआधी सॉकेटमध्ये लावलेला मोबाईलचा चार्जर काढून ठेवा. शंभर-दीडशे रुपयांच्या चार्जरमध्ये शील्ड आणि फिल्टरच्या नावाने बहुतेक वेळा शून्य असतं. तो एकटाच अख्खा एएम पट्टा भरून टाकतो आणि आळ येतो गाडीवर.